दान कोणी टाकायचं

खाणीतून निघालेला चांगला कच्चा हिरा पुष्कळदा आठ बाजूंचा असतो. तळाला तळ जोडलेले दोन पिरॅमिड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे तो आकार कळेल. सुरतेत असे खडे रोज येतात. वराछा-कतारगामच्या कारखान्यांत त्यांचे मधोमध दोन तुकडे होतात, तुकडा घंटीवर चढतो, सरणीवर घासला जातो, आणि तळिया, मथाळा, आठपेल अशा एकेका हाताखालून जात जात सत्तावन्न पैलूंचा गोल हिरा होऊन पुडीत बसतो. माझं लक्ष मात्र त्या न घासलेल्या खड्याकडेच जातं. आठही बाजू समभुज त्रिकोण. कुठल्याही बाजूवर टेकवा, रूप तेच. जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर, माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी घडलेला हा फासा आहे.

फासा म्हणते, कारण गेली काही वर्षं मी ज्या खेळात बुडाले आहे, त्यातला आठ बाजूंचा फासा हुबेहूब याच आकाराचा असतो. भूमिकांचा खेळ. चार-सहा जण गोल करून बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो, आणि ‘आता हे जमेल का?’ असा प्रश्न पडला की फासा टाकायचा. अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. त्यात चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे लागतात. ग्रीकांना ठाऊक असलेले हे पाच सुसम घन. त्यांच्यात एका बाजूला दुसरीपेक्षा जास्त वेळा वर येण्याचं काही कारणच नसतं, म्हणून ते न्याय्य. निदान कागदावर तरी.

आमच्या गल्लीत अमळनेरकडचे एक दादा राहतात. आयुष्य घंटीवर गेलेले रत्नकलाकार. माझा वीस बाजूंचा निळा फासा एकदा त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून आयग्लास काढला, डोळ्याला लावला, आणि फासा दोन बोटांत धरून सावकाश फिरवायला लागले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नखाने एक टोक दाखवून म्हणाले, “ताई, इथं पाच पैलू एका बिंदूत भेटायला पाहिजेत. चारच भेटताहेत, पाचवा मागं राहिला. आणि ही धार बघा, गोल झालीय.” धार गोल होण्याचं कारण मला माहीत होतं: साच्यातून काढलेले स्वस्त प्लॅस्टिकचे फासे रंग देऊन पिंपात घोळवतात, बाहेरचा रंग खरवडला जातो, आकड्यांच्या खाचेत उरतो, आणि त्या घोळवण्यात कडा झिजतात. कुठली कड किती झिजेल यावर कोणाचा ताबा नसतो. दादांनी मग गेज आणलं. वीस बाजूंच्या फाशात समोरासमोरच्या दहा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज एकवीस येते. त्यांनी दहाही जोड्यांची जाडी मापली. वीस आणि एक यांच्यामधली जाडी बाकीच्यांपेक्षा केसभर कमी निघाली.

“मग वीस जास्त पडणार?” त्यांनी विचारलं.

वीसही आणि एकही. फासा ज्या दिशेने चपटा, त्या दिशेच्या दोन्ही बाजू जास्त वेळा वर येतात. म्हणजे माझा निळा फासा कोणाची बाजू घेत नव्हता, त्याला नुसती टोकं आवडत होती. शाबासकी नाहीतर फजिती. दादांना हे भलतंच पटलं. असं नशीब असलेली माणसं आपल्याला ठाऊक आहेत, म्हणाले.

फासा खरा की खोटा, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही आणि चार-पाच संध्याकाळ खेळूनही कळत नाही. डब्ल्यू. एफ. आर. वेल्डन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1894 मध्ये बारा फासे एका वेळी टाकून तब्बल 26,306 दानांची नोंद केली होती. पाच किंवा सहा पडण्याचं प्रमाण एक तृतीयांश यायला हवं. आलं 0.3377. हा एवढासा फरक योगायोगाचा की फाशांचा, हे ठरवायला काय लागतं? कार्ल पिअरसनने 1900 मध्ये जी काय-वर्ग कसोटी मांडली, ती दाखवताना त्याने वेल्डनचेच आकडे वापरले. फरक फाशांचाच निघाला. ठिपके कोरताना सहाच्या बाजूचं सर्वांत जास्त लाकूड-हाड जातं, ती बाजू हलकी होते आणि वर येते, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे 2009 मध्ये शिकागोत झॅकरायाह लॅबी या विद्यार्थ्याने तोच प्रयोग यंत्राकडून करवून घेतला, तेव्हा त्याच्या फाशांत एक आणि सहा जास्त पडत होते, कारण त्या दोन बाजूंमधलं अंतर किंचित कमी होतं. दादांच्या गेजने जे सांगितलं, तेच.

आता हिशेब करा. वीस बाजूंच्या फाशात एखादी बाजू शंभरात पाचऐवजी सहा वेळा पडत असेल, तर ते खात्रीने सांगायला दोनेक हजार दानं लागतात. इतकी दानं टाकेपर्यंत एक गोष्ट संपून दुसरी सुरू होते. पेल्यात मीठ विरघळवून त्यात फासा तरंगवण्याची एक युक्ती खेळगड्यांमध्ये चालते. एकच बाजू सारखी वर येत असेल तर आत हवेचा बुडबुडा आहे असं समजायचं. बुडबुडा कळतो हे खरं, पण गोल झालेली धार त्यातून कळत नाही. मला ही सगळी तपासणी मनापासून आवडते, तरी ती करता करताच एक गोष्ट ध्यानात येत गेली. फाशाचा दोष शंभरात एखाद्या दानाचा असतो. नियमाचा दोष शंभरात तीस दानांचा असू शकतो, आणि त्याला आयग्लास लावून कोणी बघत नाही.

आमच्या भागातली बहुतेक मराठी कुटुंबं तापीच्या वरच्या अंगाने आलेली. धुळं, जळगाव, नंदुरबार. उधना-जळगावच्या गाडीने यायचं, लूमवर, साडीच्या मार्केटात नाहीतर मिलमध्ये लागायचं, आणि लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना इथे घर करायचं. पोरं घरात अहिराणी बोलतात, गल्लीत गुजराती, आणि महापालिकेच्या मराठी शाळेत पुस्तकातलं मराठी. यांतली काही माझ्याकडे संध्याकाळी गच्चीवर येतात. मला सगळी मावशी म्हणतात. ड्रॅगन आणि बुटके लोहार यांच्याशी त्यांचं जमेना, म्हणून गोष्ट मी इथलीच घेतली: सुरत बंदर, जानेवारी 1664. शिवाजी महाराज येत असल्याची कुणकुण लागली आहे, मोठी गलबतं सुवाळीला नांगरून उभी आहेत, माल होड्यांतून नदीने वर येतो आहे, मुघलसराईत परदेशी व्यापारी उतरले आहेत. एक जण शराफाचा कारकून, एक भिस्ती, एक जरीचा कारागीर, एक बहिर्जी नाईकांचा माणूस.

हे निवडताना मला वाटलं नव्हतं इतकं ते खोल गेलं. पुस्तकातल्या सुरतेवर चालून येणारा आपला राजा, आणि जिच्यावर तो चालून येतोय ती सुरतही आपलीच; तिथे आपलं घर, आपली शाळा. बहिर्जींचा माणूस झालेला मुलगा आणि जरीकारागीर झालेली त्याचीच बहीण समोरासमोर येतात, तेव्हा दोघांनाही आपली बाजू खरी वाटत असते. अशा वेळी फासा वाकडा असून चालत नाही.

पहिल्यांदा मी अमेरिकेतलाच नियम घेतला. वीस बाजूंचा एक फासा, आठ किंवा वर पडलं की काम फत्ते. म्हणजे शंभरात पासष्ट. होडी हाकणारी एक मुलगी होती. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध आहेत, त्यांतून अंधारात होडी काढणं हेच तिच्या पात्राचं कसब. पहिलं दान चार. दुसरं दोन. तिसरं सात. होडी वाळूत रुतली ती रुतलीच, आणि ज्याला नदीतलं काही कळत नाही त्या भिस्त्याने टाकलं तर एकोणीस. मुलगी रडली नाही, पण एक प्रश्न विचारला: “मग मी नावाडी कशाला झाले?”

असं ओळीने तीनदा चुकण्याची शक्यता तेवीसात एक. सहा पोरं तासन्‌तास दानं टाकत असली, तर कोणावर तरी ही पाळी रोजच येणार. गणित चोख, फासाही त्यातल्या त्यात बरा, आणि तरी तिचा प्रश्न रास्त होता. एका फाशात प्रत्येक आकडा सारखाच सोपा, त्यामुळे कसबाला वजनच उरत नाही. तीन साधे फासे एकत्र टाकले तर चित्र पालटतं. 216 प्रकारांपैकी दहा आणि अकरा प्रत्येकी 27 प्रकारांनी येतात, तीन किंवा अठरा फक्त एकेका प्रकाराने. दानं मधल्या भागात गोळा होतात. मग कसबाचा एक गुण मध्यावर असलेल्या माणसाला साडेबारा टक्क्यांनी वर नेतो आणि टोकावर पोचलेल्याला अर्ध्या टक्क्यानेसुद्धा हलवत नाही. शिकाऊ माणूस भराभर सुधारतो, उस्ताद जवळजवळ चुकतच नाही. कारखान्यातली, लूमवरची माणसं खरोखर अशीच असतात. पण तीन फाशांची बेरीज, त्यात वजाबाकी, आठ-नऊ वर्षांच्या पोरांची गोष्ट तिथेच थांबायची. आकडेमोडीत घोडा पळून जायचा.

उत्तर घरातच होतं. चल्लस-आठ आमच्याकडे प्रत्येकाला येतो. पाच बाय पाचची घरं कोळशाने आखायची, चार चिंचोके दगडावर घासून एकेक बाजू पांढरी करायची. चार पांढरे पडले तर चार, एकही पांढरा नाही तर आठ, आणि या दोनच दानांवर सोंगटी आत येते व पुन्हा टाकायला मिळतं. गुजराती शेजारी हाच खेळ कवड्यांनी खेळतात, चोमल-इस्टो म्हणतात. चिंचोका अगदी अर्धा-अर्धा पडत असता, तर सोळा प्रकारांपैकी चार एकाचे, सहा दोनाचे, चार तिनाचे, आणि चार व आठ यांना प्रत्येकी एक प्रकार आला असता. तीन फाशांसारखाच मधे फुगलेला आकार, बेरजेशिवाय. नुसते पांढरे मोजायचे.

मग आमचा नियम असा झाला. नवखा तीन चिंचोके टाकेल, बेताचा चार, हुशार पाच, उस्ताद सहा. तीन किंवा जास्त पांढरे आले तर काम झालं. दोन आले तर झालं, पण काहीतरी मोल देऊन: होडी निघाली, वल्हं गेलं. एक आला तर अडचण वाढली. नवख्याला पूर्ण यश आठांत एकदा, बेताच्याला सोळांत पाचदा, उस्तादाला चौसष्टांत बेचाळीसदा. मधला ‘झालं, पण’ हा पल्ला मला फार मोलाचा वाटतो. व्हिन्सेंट आणि मेग्वी बेकर यांच्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या 2010 च्या खेळात दोन फाशांवर असेच तीन पल्ले आहेत, आणि मला दिशा तिथूनच मिळाली. हो किंवा नाही एवढंच सांगणारं दान गोष्टीला भिंतीवर नेऊन आदळतं.

पण चिंचोका अर्धा-अर्धा पडत नाही. घासलेली बाजू सपाट, पाठ फुगीर. सपाट बाजू जमिनीला चिकटते. पोरांनी वहीत उभ्या रेघा मारून मोजलं, तेव्हा पांढरं दहांत चारच्या आसपास निघालं. चल्लस-आठमध्ये याने काय होतं? चार पडणं शंभरात अडीचवर येतं आणि आठ पडणं तेरावर जातं, म्हणजे पाचपट. तरीही तो खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे आणि कोणी कोणावर खोटेपणाचा आळ घेतला नाही, कारण चिंचोके एकच आणि सगळे तेच टाकतात. मोहेंजोदडोत सापडलेल्या मातीच्या फाशांवर एकासमोर दोन, तिनासमोर चार, पाचासमोर सहा अशी मांडणी आहे. हाताने घडवलेला तो फासा काही गेजने मापलेला नसणार. दोन प्रतिस्पर्धी एकच फासा आळीपाळीने टाकतात, तेवढ्याने त्यांच्यापुरता न्याय होतो.

आमच्या खेळात तेवढ्याने भागेना. याचा उलगडा व्हायला मला वेळ लागला. इथे पोरं बहुतेक वेळा एकमेकांविरुद्ध नसतात, गोष्टीतल्या संकटाविरुद्ध असतात. मी उस्तादाला सांगितलेलं असतं की तुला तिनांत दोनदा जमेल. पांढरं दहांत चारदाच पडत असेल तर त्याला निम्म्याहूनही कमी वेळा जमतं. सगळ्यांचे चिंचोके सारखेच वाकडे आहेत, याने त्याचं समाधान का व्हावं? मी दिलेला शब्दच खोटा ठरला. प्रतिस्पर्ध्यांमधला न्याय बरोबरीचा असतो. गोष्ट सांगणारा आणि गोष्टीत उडी घेणारा यांच्यातला न्याय शब्दाचा असतो. उडी घेण्याआधी खड्डा किती रुंद आहे ते खरं सांगायचं. मुलांनी यावर जो उपाय काढला त्याचं मला अजून कौतुक आहे. अर्ध्या चिंचोक्यांची घासलेली सपाट बाजू त्यांनी शाईने काळी केली आणि पाठ चुन्याने पांढरी केली. आता निम्म्यांचं सपाट अंग पांढरं, निम्म्यांचं फुगीर. एकाचं झुकणं दुसऱ्याच्या झुकण्याने फिटतं, आणि मोजायचं पांढरंच. तीन किंवा पाच टाकताना हिशेब थोडा तिरपा राहतो, तेवढा आम्ही चालवून घेतला.

एकही पांढरा नाही, या दानाचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. वरून बघितलं तर ती सर्वांत मोठी नामुष्की. पण चल्लस-आठमध्ये तेच सर्वांत मोठं दान, आणि सहा कवड्यांच्या पचिशीत सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या की पंचवीस मिळतात. आपल्या जुन्या खेळांनी पार पालथ्या दानालाच मान दिला आहे. तो आम्ही घेतला. सगळे काळे पडले की गोष्ट उलटते आणि पुढचं वाक्य सूत्रधार बोलत नाही, टाकणारा बोलतो. गणित करून बघितल्यावर मी थक्क झाले. उस्तादाला हे दान चौसष्टांत एकदा मिळतं, बेताच्याला सोळांत एकदा, आणि ज्याच्याकडे काहीच कसब नाही त्या नवख्याला आठांत एकदा. जितका माणूस कमी, तितका चमत्कार जवळ. हे मी योजलं नव्हतं, ते चिंचोक्यांच्या मोजणीतूनच आलं, आणि आता मी ते कोणाला बदलू देणार नाही. वर्गात ज्याला मागच्या बाकावरून हात वर करायलाही भीती वाटते तो मुलगा मुद्दाम तीनच चिंचोके घेतो.

सूत्रधारापुढे पुठ्ठ्याचा पडदा ठेवायची पद्धत या खेळात जगभर आहे. पडद्याआड तो आपली दानं टाकतो, आणि गोष्ट बिघडते आहे असं वाटलं तर आकडा बदलून सांगतो. अनुभवी खेळाडूही याचं समर्थन करतात: मुलाचं लाडकं पात्र एका वाईट दानाने मरू द्यायचं का? संगणकावरचे खेळ तर सर्रास हे करतात. ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी खेळमालिकेच्या बऱ्याच भागांत पडद्यावर 80 टक्के लिहिलेलं असलं, तरी आत दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेतली जाते आणि प्रत्यक्षात वार 92 टक्के वेळा लागतो. 80 टक्क्यांत पाचातलं एक चुकणं माणसाला सोसत नाही, म्हणून. हेतू चांगला आहे, तरी मला ही रीत पसंत नाही. पात्र मरू नये असं वाटत असेल तर दान टाकण्याआधी सांगावं की इथे मरण डावावर नाही, होडी आहे. किंवा दानच टाकू नये. एकदा चिंचोके हातातून सुटले की जमिनीवर जे आहे ते आहे. आमच्या गच्चीवर पडदा नाही.

यामागे सभापर्व आहे हे मी लपवत नाही. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण सभापर्वात ती सापडत नाही. तिथे जे आहे ते फाशापेक्षा भयंकर आहे. दुर्योधन जाहीर करतो की पण मी लावीन आणि दान माझ्या वतीने मामा टाकेल. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं मला विषम दिसतं, असं युधिष्ठिर तिथेच बोलून दाखवतो, आणि तरीही बसतो. मग पणामागून पण लागत जातात. प्रत्येक वेळी शकुनी जिंकल्याचं सांगतो. कुठल्या दानाला किती पडलं, हे आपल्याला सांगितलंच जात नाही. सभेतल्या कोणालाही आकडा विचारावासा वाटला नाही. शेवटी नियमाचा प्रश्न विचारते ती द्रौपदी, जी खेळात नव्हतीच: आधी स्वतःला हरलास की आधी मला? जो स्वतःचा राहिला नाही त्याला दुसऱ्याला पणाला लावता येतं का? भीष्मांनाही त्याचा निकाल देता येत नाही. फासे अगदी चोख असते, दादांनी आयग्लास लावून पास केले असते, तरी त्या सभेत न्याय झाला नसता. टाकणारा एक, हरणारा दुसरा, डावावर तिसरीच. आणि काय डावावर आहे ते हरल्यानंतर ठरतंय.

त्याच महाभारतात, वनपर्वात, नलाची गोष्ट येते ती याच्या उलट टोकाची. राजा ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. दोन फांद्यांवर 2095 फळं. वेदकाळातले फासे म्हणजे याच झाडाची फळं, हे आठवलं तर गोष्टीत बेहडाच का आला ते कळतं. सुरतेहून डांगात गेलं की आजही बेहडा रस्त्याच्या कडेला उभा असतो. त्याचा सारथी झालेला नल रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळं मोजतो. राजाला उशीर होतोय, राजा चिडतोय, तरी मोजतो. आकडा जुळल्यावरच तो ती विद्या मागतो, बदल्यात घोड्यांची विद्या देतो, आणि त्याच विद्येवर पुढे घालवलेलं राज्य जिंकून आणतो. पोरांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा मोजण्यापाशी मुद्दाम रेंगाळते. वहीत उभ्या रेघा मारणाऱ्यांना ती आपली वाटते.

वाद मिटले आहेत असं नाही. कठड्याला टेकून उभा राहिलेला चिंचोका धरायचा की पुन्हा टाकायचा, यावर दोन तट आहेत. पुन्हा टाकायचा झाला तर तो एकटा की सगळे? एकटा, असं सध्या चाललंय.

मे महिन्यात होडीवाली मुलगी आजोळी शिंदखेड्याला गेली आणि गोष्ट नेमकी सुवाळीच्या धक्क्यावर येऊन ठेपली. तिच्या वतीने दान कोणी टाकायचं? बहिर्जींचा माणूस लगेच तयार झाला, तो तिचा सख्खा शेजारी. बाकीच्यांनी हात धरला. युधिष्ठिराचं वाक्य मी त्यांना पूर्वी सांगितलेलं होतं आणि ते त्यांनी माझ्यावरच फिरवलं. तिला फोन लावला. ती म्हणाली, “मी इथं टाकते ना. आजीकडे चिंचोके आहेत.” मग चर्चा: ती खोटं सांगणार नाही कशावरून? आजीचे चिंचोके रंगवलेले नाहीत, तिला पांढरं कमी पडेल, ते कसं भरून काढायचं? अर्धा तास गेला. ठरलं ते असं: संकट काय आणि चुकलं तर काय जाईल, हे आधी तिला पूर्ण वाचून दाखवायचं, सहातल्या तीन चिंचोक्यांचं तिने उलटं मोजायचं आणि ते कुठले तीन हे टाकण्याआधी सांगायचं, आणि तिने सांगितलेला आकडा धरायचा. फोन स्पीकरवर टाकला. आधी आजीचा आवाज आला, “थांब, फरशी पुसू दे.”